सकाळी सुटणारी नदी

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका कॉलेजातल्या मुलीचा फोन आला होता. तिला प्रकल्प लिहायचा होता आणि तिनं विचारलं, ‘कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग कधीपासून सुरू झालं?’ आम्ही म्हटलं, वीस-बावीस वर्षं झाली असतील. तेवढ्यानं तिचं काम झालं, तिनं फोन ठेवला. पण आमच्यातली एक जण म्हणाली, ‘अगं, उत्तर चुकलं. राफ्टिंग वीस वर्षांचं, पण ते ज्या पाण्यावर चालतं ते पाणी शंभर वर्षांमागं भांडून, रडून खाली आलंय.’ तिचं माहेर वर मुळशीकडं. मग आम्ही सगळ्या बसलो आणि जुनं आठवायला लागलो. कुणी घरातून ऐकलेलं सांगितलं, कुणी वाचनालयातून पुस्तकं आणली. आजचं बोलणं त्यातून तयार झालंय.

आधी नदी कशी दिसते ते सांगतो, कारण आपल्या ऐकणाऱ्या काही जणी देशावरच्या आहेत, त्यांनी ती पाहिलेली नसेल. मुंबई-गोवा रस्त्यावर कोलाड लागतं. तिथून ताम्हिणी घाटाकडं वळलं की उजवी-डावीकडं डोंगर जवळ येत जातात. ऐन, किंजळ, जांभूळ, आंब्याची झाडी, काठाला करंज आणि बांबूची बेटं. मधून नदी. साजे गावापासून खाली कामतपर्यंत बारा-चौदा किलोमीटरचा पट्टा आहे, तिथं रबरी होड्या चालतात. सात-आठ जण एका होडीत, डोक्यावर हेल्मेट, अंगात फुगीर जाकीट, हातात वल्हं, मागं गाईड बसून ओरडतो तसं सगळ्यांनी मारायचं. मधे मधे खडकांवरून पाणी उसळतं. पोरी किंचाळतात, हसतात. दीड-दोन तासांचा खेळ. नंतर अंगावरचे कपडे पिळत येतात आणि आमच्या हातची तांदळाची भाकरी खातात.

पावसाळा सोडून दुसऱ्या कुठल्याही महिन्यात या. एप्रिलमध्ये या, मे महिन्यात या. बाजूच्या ओढ्यात टिपूस नसतो, विहिरीला दोर लांब करावा लागतो, आणि कुंडलिका मात्र सकाळी भरभरून वाहत असते. शहरातली माणसं म्हणतात, काय बारमाही नदी आहे! आम्ही काही बोलत नाही. बारमाही नदी दुपारनंतर खडक उघडे टाकून बसत नाही. ही बसते. सकाळी पाणी सुटतं, ते येतं, पुढं निघून जातं. त्या पाण्याच्या पाठीवर बसून होड्या जातात. उशीर केला तर पाणी पुढं आणि होडी खडकावर.

कारण ते पाणी कुंडलिकेचं नाही. निदान उन्हाळ्यातलं तरी नाही.

मुळशीच्या खोऱ्यात नीला आणि मुळा अशा दोन नद्या. सह्याद्रीच्या माथ्याच्या पलीकडं, म्हणजे पूर्वेच्या अंगाला. त्यांचं पाणी मूळचं पुण्याकडं जाणारं. मुळेला मुठा मिळते, पुढं भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी पार आंध्रातून बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं हे असंच आहे, माथ्याच्या एका अंगाला पडलेला थेंब जवळच्या समुद्राला जातो आणि चार पावलं पलीकडं पडलेला हजार-बाराशे किलोमीटरचा प्रवास करतो. मुळशीला धरण बांधून ते पूर्वेला जाणारं पाणी अडवलं, बोगद्यातून आणि कालव्यातून कड्यापर्यंत आणलं आणि लोखंडी नळांतून खाली कोकणात सोडलं. पाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून. खाली भिऱ्याला वीजघर. वीज करून झाली की पाणी कुंडलिकेत. म्हणजे साज्याला जी मुलगी वल्हं मारते, ती बंगालच्या उपसागराला जायचं पाणी अरबी समुद्राकडं ढकलत असते! हे आम्हाला पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्हीसुद्धा थोडा वेळ गप्प बसलो.

या आधी नदीवर मौजमजा नव्हती का? होती की. फक्त तिला तिकीट नव्हतं. कार्तिकात आवळीभोजन असायचं. आवळ्याच्या झाडाखाली सारवून, झाडाची पूजा करून, घरून नेलेलं जेवण सगळ्यांनी मिळून जेवायचं. नदीकाठी झाड असलं तर उत्तमच. घरातून पुरुषांच्या आधी उठून पुरुषांच्या नंतर जेवणाऱ्या बायकांना वर्षातून एकदा उघड्या आभाळाखाली पाय पसरून बसायला मिळायचं. गौरी आणायला नदीवर जायचं, गौरी बोळवायला नदीवर जायचं. आणि रोजचं धुणं! आता त्याला कुणी सहल म्हणणार नाही, पाठ मोडायची. पण सासूच्या नजरेबाहेर दोन तास बोलायला मिळायचे ते तिथंच. आमच्यातल्या एका वहिनीनं सांगितलं की नळ आल्यावर तिच्या आजेसासूनं पहिला आठवडा फार सुखात काढला आणि दुसऱ्या आठवड्यात विचारलं, ‘आता बायका भेटायच्या कुठं?’

आणि थंडीत पोपटी. रायगडबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगतो. वालाच्या शेंगा तयार झाल्या की मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे-रताळी असतील तर ती, वर पुन्हा पाला गच्च दाबायचा. मडकं उलटं ठेवायचं, भोवती पेंढा-गवत-काटक्या रचून पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या-पाऊण तासानं मडकं उपडं केलं की जो वास सुटतो तो सांगून कळणार नाही. शेतात, नदीकाठी, चांदण्यात करायची ही गोष्ट. एक मात्र खरं, पोपटी पूर्वी पुरुषांची असायची. पोरं-बाप्ये शेतात बसून खायचे, आम्ही शेंगा निवडून द्यायच्या आणि सकाळी भांडी घासायची. आता कॅम्पवर पाहुण्यांसाठी पोपटी लावायला बायकांनाच बोलावतात. काम तेच, पण आता त्याचे पैसे मिळतात आणि मडकं उघडताना आम्ही तिथं असतो.

वरचं मुळशी आणि खालचं कोलाड-माणगाव हे आज मोटारीनं दीड-दोन तासांचं अंतर. पूर्वी घाटाच्या पायवाटा होत्या. सवाष्णी घाट, निसणीची वाट अशी नावं ऐकली तरी बायका-माणसांची ये-जा डोळ्यांपुढं येते. वरून तांदूळ, तूप, हिरडा खाली यायचा. खालून मीठ आणि सुकी मासळी वर जायची. सोयरिकी व्हायच्या. म्हणून तर आमच्यात वरच्या माहेरच्या तिघी आहेत. त्यांच्यामुळंच ही गोष्ट आमच्या घरात शिल्लक राहिली.

तर आता मुळशीकडं येऊ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. सह्याद्रीत पाऊस अफाट. ताम्हिणीच्या परिसरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. त्या पाण्यावर वीज करायची ही कल्पना जमशेटजी टाटांची. ती त्यांच्या मागं मुलांनी तडीला नेली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं. तिसरं मुळशीच्या पाण्यावरचं. त्यासाठी १९१९ मध्ये वेगळी कंपनी निघाली. आता खोरं म्हणजे पन्नासच्या आसपास गावं होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भातखाचरं, आंबेमोहराचा तांदूळ. भात शिजला की गल्लीत कळावं असा त्याचा वास. ही सगळी जमीन पाण्याखाली जायची होती.

लोकांना हे कसं कळलं? कुणी येऊन सांगितलं नाही. कंपनीची माणसं आली आणि न विचारता शेतात चर खणायला लागली. एका शेतकऱ्यानं हरकत घेतली, तेव्हा गोऱ्या इंजिनिअरनं त्याच्यावर पिस्तूल रोखलं. ही हकीकत पुस्तकांतून आलेली आहे. आम्हाला त्यातली एक गोष्ट लागली. शेत कुणाचं ते विचारायची गरजच त्या माणसाला वाटली नव्हती, चर आधी खणला गेला. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा हाताशी होता. तो ‘सार्वजनिक कामा’साठी जमीन घ्यायला होता, इथं त्याच्या आधारानं एका कंपनीसाठी जमीन घेतली गेली.

मावळे उठले. पुण्याहून कार्यकर्ते आले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे आणि आणखी कितीतरी. बापट तरुणपणी पॅरिसमध्ये बाँबची विद्या शिकून आलेले, आणि इकडं येऊन गावातले रस्ते झाडणारे. मुळशीच्या लढ्यामुळंच लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणायला लागले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजाराहून जास्त मावळे धरणाच्या कामाच्या जागी जाऊन बसले. बाप्ये, बाया, पोरं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. धरण बांधताना बुडणाऱ्या माणसांनी केलेला जगातला पहिला मोठा लढा म्हणून आज अभ्यासक त्याचं नाव घेतात. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर मराठीत आणि नंतर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, भुस्कुट्यांनी स्वतः इतिहास लिहिला. ही पुस्तकं मिळाली तर जरूर वाचा.

गांधीजींनीही तेव्हा लिहून टाटांना लोकांचा विचार करायला सांगितलं. काम काही महिने थांबलंदेखील. लोकांना वाटलं, जिंकलो. मग डिसेंबरात पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह, पुन्हा अटका, येरवड्याचा तुरुंग. आणि हळूहळू लढ्याला आतून भेग पडली. ती भेग कुठं पडली, हे आपण बायकांनी नीट समजून घेतलं पाहिजे.

मुळशीची कितीतरी जमीन पुण्याच्या सावकारांकडं गहाण होती, किंवा त्यांच्या नावावर झालेली होती. कसणारा मावळा, कागद सावकाराचा. मावळ्याला जमीनच हवी होती. सावकाराला जमिनीचा भाव हवा होता. कंपनीनं मोबदला वाढवला तशी सावकारांची लढ्यातली गोडी संपली. पैसे ज्याच्या नावावर कागद त्याला मिळाले. आणि मग आम्ही स्वतःला विचारलं, मावळ्याच्या नावावर कागद नव्हता, तर मावळणीच्या नावावर काय असणार? खाचरात रोप लावणारी ती, बेणणारी ती, साळ कांडणारी ती, त्या रामनवमीला उन्हात लेकरू घेऊन बसलेली ती. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत काही हक्क देणारा कायदा आला १९३७ मध्ये. मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा मिळाला १९५६ मध्ये, आणि वडिलोपार्जित जमिनीत भावाच्या बरोबरीचा हिस्सा २००५ मध्ये. मुळशीच्या पाण्याखाली जमिनी गेल्या तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही, कारण कायद्याच्या भाषेत तिचं तिथं काही नव्हतंच.

१९२४ च्या अखेरीस लढा जवळजवळ विझला होता. तेव्हा बापटांनी शस्त्रं घेऊन कंपनीची गाडी रुळांवर अडवली आणि स्वतःहून अटक करून घेतली. सात वर्षांची सजा झाली. धरण पुरं झालं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. वीज तारांवरून मुंबईला गेली. गावं पांगली. काही वर डोंगरउतारावर सरकून धरणाच्या काठानंच राहिली, पाणी डोळ्यांसमोर आणि प्यायला मात्र झऱ्यावर. काही पुण्याकडं गेली, काही मुंबईच्या गिरणीत, म्हणजे त्याच विजेवर चालणाऱ्या गिरणीत. काहींनी लेकी खाली कोकणात दिल्या.

आमच्यातल्या एकीची पणजी तशी खाली आलेली. तिची गोष्ट घरात सांगतात ती एवढीच, की ती कुंडलिकेवर धुणं धुवायला बसली की पाण्यात हात घालून म्हणायची, ‘माझ्या बापाच्या वावरातनं आलंय.’ सुनांना वाटायचं म्हातारीचं मन भ्रमलंय. भ्रमलेलं नव्हतं. तिला नकाशा माहीत नव्हता, पाणी कुठून येतं ते बरोबर माहीत होतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी मुळशी-मावळाच्या डोंगरात फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तिथून सुरू झालेला तो साठा आता लाखाच्या वर गेलाय. त्या बायकांची नावं, गावं लिहून ठेवलीत. आपल्या पणज्यांनी लिहिलं नाही, पण गायलं, आणि कुणीतरी ऐकून ठेवलं. त्यात आपल्या ओळखीचं नाव सापडतंय का, हे एकदा बघायला हरकत नाही.

खाली काय झालं? कोकणातल्या नद्या आखूड. पावसाळ्यात पूर, फाल्गुनात डोह आणि गोटे. कुंडलिका तशीच होती. रोह्याच्या खाडीपर्यंत भरतीबरोबर गलबतं यायची, पण वरच्या अंगाला उन्हाळ्यात पाणी कमीच. भिऱ्याचं पाणी आलं आणि नदीचा स्वभावच बदलला. आता ती पावसाच्या हिशेबानं न वाहता विजेच्या मागणीच्या हिशेबानं वाहते. एकाच पाण्याची किती कामं होतात बघा. भिऱ्याला वीज होते. तिथं १५० मेगावॉटची जुनी यंत्रं आहेत, आणि नव्वदच्या दशकात आणखी १५० मेगावॉटचं एक बसवलं, जे विजेला मागणी नसताना खालचं पाणी पुन्हा वर चढवतं. तेच पाणी रवाळज्याला सरकारी वीजघरात पुन्हा वीज करतं. मग साज्याला त्यावर होड्या चालतात. डोलवहाळच्या बंधाऱ्याला ते अडतं, डाव्या-उजव्या कालव्यांतून शेतीला जातं, उन्हाळी भात होतं. पुढं रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांना, नळपाण्याच्या योजनांना. आणि कारखान्यांच्या खाली नदीचं जे होतं ते वासावरून कळतं. देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत कुंडलिकेच्या खालच्या अंगाचं नाव आहे. साज्याला जी नदी पाहून माणसं टाळ्या वाजवतात, तिच्याच खाडीत कोळणी मासळी कमी झाली म्हणून रडतात. राफ्टिंगच्या जाहिरातीत हा भाग नसतो.

राफ्टिंग आलं ते या शतकाच्या सुरुवातीला. पहिले गाईड हृषीकेशहून, नेपाळातून आलेले, हिमालयातल्या नद्यांवर तयार झालेले. आमच्या पोरांना नदीत पोहायला येत होतं, खडक पाठ होते, पण होडी कशी वळवायची ते येत नव्हतं. ते त्यांच्याकडून शिकले. आता निम्म्याहून जास्त चेहरे ओळखीचे दिसतात. कातकरी वाडीतली पोरं, जी आईबापांबरोबर वीटभट्टीला जायची, त्यातली काही इथं टिकली. आमच्या बचत गटानं आधी भाकरी द्यायला सुरुवात केली, मग जेवण, मग पापड-कुरडया. कुठल्या मोसमात किती मिळतात हे सांगत बसत नाही, पण दोघींच्या मुली नर्सिंगला गेल्या त्या या भाकऱ्यांवर.

आणि याची दोरी कुणाच्या हातात? एका शनिवारी एका कॅम्पनं चाळीस माणसांच्या भाकऱ्या सांगितल्या. पहाटे चारला चुली पेटवल्या. नऊ वाजता कळलं, वीजघरात दुरुस्ती, आज पाणी सुटणार नाही. पाहुणे अर्ध्या वाटेतून परत गेले. कॅम्पवाला म्हणाला, माझंच नुकसान झालंय. भाकऱ्या आम्ही वाटल्या, काही गुरांना घातल्या. त्या दिवशी मुळशीच्या माहेरवाली म्हणाली, ‘आपलं पोट एका कळीवर आलंय, आणि कळ दुसऱ्याच्या खोलीत आहे.’ तेव्हापासून आम्ही निम्मे पैसे आधी घेतो. आधी सगळ्यांना वाटलं, गिऱ्हाईक तुटेल. तुटलं नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. भिऱ्याजवळ पाटणूसच्या रानात देवकुंड म्हणून धबधबा आहे, तिथंच कुंडलिकेचा उगम मानतात. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत गुराखी आणि गावकरी सोडून तिथं कुणी जात नसे. मग फोटो पसरले आणि झुंडी यायला लागल्या. ओढ्याला एकाएकी पाणी येतं हे शहरातल्यांना समजत नाही. माणसं बुडाली, अडकली. पावसाळ्यात तिथं जायला प्रशासन बंदी घालतं. बंदी मोडणाऱ्यांना शोधायला पुन्हा आमच्याच गावची पोरं दोर घेऊन जातात. ऐकणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, पोरं पावसाळ्यात देवकुंडला निघाली तर अडवा. आणि इतर दिवसांतही नदीच्या पात्रात, खडकावर डबा खात बसू नका. कोरडं दिसतं म्हणून ते कोरडं राहत नाही. आमच्या सासवा पाणी सुटायची वेळ पाठ ठेवूनच धुणं घेऊन जायच्या.

आता जे सांगायचं होतं ते. होड्या आल्या तशी नदीकाठच्या जमिनीला किंमत आली. जी वरकस म्हणून कुणी विचारत नव्हतं, गुरं चरायला सोडायचो, तिचे भाव ऐकून डोळे फिरले. फार्महाऊस झाले, रिसॉर्ट झाले. विकणारा आपलाच भाऊ, आपलाच दीर. त्याला दोष देत नाही, कर्ज असतं, पोराचं शिक्षण असतं. पण त्या आधी एक कागद फिरतो. हक्कसोड पत्र. राखी पौर्णिमा झाली की आठ दिवसांनी भाऊ येतो, साडी आणतो, जेवतो आणि म्हणतो, ‘ताई, तालुक्याला एकदा येशील का, सही पाहिजे.’ आमच्यातल्या पाच जणींनी अशा सह्या केल्यात. दोघींनी वाचल्या नव्हत्या. एकीला सहा महिन्यांनी कळलं की ज्या कॅम्पवर ती भाकऱ्या भाजते तो तिच्याच बापाच्या जमिनीवर उभा आहे आणि तिनंच ती सोडून दिली आहे.

तिनं रागानं काम सोडलं नाही. म्हणाली, ‘पणजीला विचारलं नव्हतं. मला विचारलं, आणि मी वाचलं नाही.’ भावाशी ती बोलते. माहेर तुटू नये म्हणूनच तर सही केली होती. पण आता गटात नियम केलाय: तालुक्याला सही करायला निघालेली बाई आधी कागद गटात आणते, शिकलेल्या मुली तो मोठ्यानं वाचून दाखवतात. मग सही करायची की नाही ते तिचं ती ठरवते. गेल्या वर्षी तिघींनी कागद आणले. एकीनं सही केली, एकीनं हिस्सा मागून घेतला, एकीचं अजून चाललंय.

आणि पुढं काय? पूर्वेकडचे लोक म्हणतायत, मुळशीचं पाणी मुळात आमच्या खोऱ्यातलं, आम्ही दुष्काळात मरतो आणि ते वीज करून समुद्राला सोडता, ते परत वळवा. त्यांचं म्हणणं खोटं नाही. सोलापूरकडच्या मैत्रिणींनी उन्हाळ्यात आम्हाला हंड्यांच्या रांगा सांगितल्यात. पण ते पाणी वळलं तर डोलवहाळचे कालवे, आमचं उन्हाळी भात, रोह्याचे नळ आणि साज्याच्या होड्या यांचं काय? यावर आमच्यात एकमत झालं नाही. अर्ध्या म्हणतात, तहान आधी, खेळ नंतर. अर्ध्या म्हणतात, शंभर वर्षं इथली घरं त्या पाण्यावर उभी राहिलीत. एका गोष्टीवर मात्र सगळ्या एक झाल्या: ठरवायला बसतील तेव्हा भिरा, साजे, कामत आणि मुळशीच्या काठच्या बायकांना बोलावून विचारलं पाहिजे. पुण्या-मुंबईच्या खोलीत ठरवून चर आधी खणला, असं पुन्हा नको.

इतक्या वर्षांत आम्ही होडीत कधी बसलो नव्हतो. पैसे देऊन बसावं असं वाटलं नाही आणि फुकट कुणी बोलावलं नाही. यंदा माघात एका कॅम्पवर पाहुणे कमी होते, तर तिथल्या गाईडनं, आमच्याच गावचा पोर, हाक मारली, ‘काकी, चला आज.’ सात जणी गेलो. कुणी पंजाबी घातला, दोघी साडीचा काष्टा मारून. जाकिटं घट्ट आवळली, हेल्मेटात आंबाडा मावेना म्हणून सोडावा लागला. मुळशीच्या माहेरवालीला पुढं बसवलं. पहिल्या खळाळाला होडी अशी आपटली की आम्ही सगळ्या देवाची नावं घेतली, आणि तिनं मात्र वल्हं टाकून दोन्ही हात पाण्यात घातले. गाईड ओरडला, ‘आत्या, वल्हं उचला!’ ती काय पुटपुटली ते पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. आम्हाला ते माहीत होतं.

कामतला उतरलो तेव्हा सगळ्या ओल्या, हसून हसून पोट दुखत होतं. काठावर एक जाऊबाई धुणं घेऊन थांबली होती. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘पाणी उतरायला किती वेळ आहे गं?’ आम्ही म्हटलं, तासभर. ती तिथंच सावलीला टेकली, आणि आम्हीही तिच्याशेजारी बसलो.